तिसरी भाषा कोणती हे ठरवण्याआधी पहिली कोणती ते मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचा 16 एप्रिल 2025चा शासन निर्णय, त्यात फेरफार करणारा 17 जूनचा निर्णय आणि 29 जूनला दोन्ही रद्द केल्याची घोषणा. या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात शाळेतल्या भाषेवर जेवढे बोलले गेले तेवढे एरवी दहा वर्षांत बोलले जात नाही. हिंदी हवी की नको, सक्ती आहे की नाही, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण हिंदीच्या जागी तमिळ घाला किंवा बंगाली घाला, शाळेच्या दारात काही प्रश्न तसेच उभे राहतात. वेळ कोठून आणायचा, शिकवणार कोण, पुस्तक कसे असेल आणि पहिलीच्या वर्गात बसलेले मूल मुळात घरी काय बोलते? या शेवटच्या प्रश्नाला त्या वादात सर्वांत कमी जागा मिळाली.

आधी घड्याळाचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला चार तास, 240 मिनिटे. नव्या भाषेला रोज 35 मिनिटांची एक तासिका दिली तर वर्षाची 7000 मिनिटे होतात, म्हणजे सुमारे 117 तास. 800 तासांचा हा जवळजवळ सातवा भाग आहे. तो कोणत्या विषयातून काढायचा हे शाळेवर सोडले की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कला, कार्यानुभव आणि खेळाचे तास कागदावर राहतात आणि प्रत्यक्षात जातात.

द्विशिक्षकी शाळेत हा हिशोब आणखी कठीण होतो. पट 60 पर्यंत असेल तर कायद्याने दोन शिक्षक मिळतात आणि वर्ग पाच असतात. मराठी माध्यमात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, हिंदी पाचवीपासून. प्रत्येक इयत्तेला प्रत्येक भाषेची रोज एक स्वतंत्र तासिका धरली तर आजच 11 तासिका होतात, म्हणजे 385 मिनिटे. दोन शिक्षकांकडे मिळून 480 मिनिटे आहेत. उरलेल्या 95 मिनिटांत पाच इयत्तांचे गणित, परिसर अभ्यास आणि बाकी सगळे. तिसरी भाषा पहिलीपासून आणली तर भाषांच्याच तासिका 15 होतात आणि 525 मिनिटे लागतात. शाळेत तेवढी मिनिटेच नाहीत.

म्हणून अशा शाळांत इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात. त्यात वावगे काही नाही. तोंडी काम एकत्र आणि लेखी काम इयत्तेप्रमाणे वेगळे, असे भाषेचे बहुवर्ग अध्यापन चांगले चालते. पण पुस्तक इयत्तावार, पाठाचे टाचण इयत्तावार, चाचणी इयत्तावार आणि भेटीला आलेला अधिकारीही इयत्तावार टाचणच मागतो. मग शिक्षक दप्तर एका पद्धतीने लिहितो आणि वर्ग दुसऱ्या पद्धतीने चालवतो.

17 जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा निवडायची सोय होती, पण त्या इयत्तेत किमान 20 विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी होती. ज्या शाळेत पाच इयत्तांत मिळून 60 मुले आहेत तिथे एका इयत्तेत सरासरी 12 मुले असतात. अख्खा वर्ग एकमताने उभा राहिला तरी 20 होत नाहीत. शिक्षक न मिळाल्यास ऑनलाइन शिकवण्याचा पर्यायही ठेवला होता. सहा वर्षांचे मूल भाषा शिकते ते कोणी त्याच्याशी बोलले, त्याने उलट उत्तर दिले, चुकले, पुन्हा म्हटले, यातून. पडद्यावरून शब्दांची उजळणी होईल, बोलणे होणार नाही.

सहावी ते आठवीची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे कायदा किमान तीन शिक्षक देतो: एक विज्ञान-गणिताला, एक सामाजिक शास्त्रांना आणि एक भाषांना. तीन भाषांना मिळून एक. मराठीचा पदवीधर इंग्रजी आणि हिंदी शिकवतो, किंवा इंग्रजीचा पदवीधर बाकीच्या दोन. केंद्राचा 2023चा शालेय अभ्यासक्रम आराखडा तिसरी भाषा सहावीपासून सुरू करायला सांगतो, ते वयाच्या दृष्टीने योग्यच आहे. पण पदांची अनुसूची बदलल्याशिवाय तो भार याच एका शिक्षकावर पडतो.

आता पहिल्या भाषेकडे येतो. घटनेचा अनुच्छेद 350 क, शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29, 2020चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, तिन्हींचा रोख एकच: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे. कायद्यात ‘शक्यतोवर’ आहे, धोरणात ‘शक्य असेल तेथे’ आहे. शक्य नाही हे कोणी ठरवायचे आणि कोणत्या माहितीवर, याचे उत्तर कुठेच नाही. माहितीच गोळा होत नसल्याने सगळीकडे अशक्यच धरले जाते.

2011च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे 19,569 होती. छाननी आणि गटवारी करून ती 1369 मातृभाषांवर आणि शेवटी 10 हजारांहून अधिक भाषकांच्या 121 भाषांवर आणली गेली. देशाच्या पातळीवर अशी गटवारी लागतेच. शाळेला मात्र तिचा उपयोग नाही, उलट गोंधळ होतो. नंदुरबारची पावरी आणि मावची जनगणनेत भिलीखाली येतात. तांड्यावरची बंजारा भाषा हिंदीखाली मोजली जाते. म्हणजे मराठवाड्यातल्या तांड्यावरचे मूल जनगणनेत हिंदीच्या खात्यात आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बहुतेक वेळा मराठीच्या. त्याची स्वतःची भाषा दोन्हीकडे नाही. रजिस्टरमध्ये मातृभाषेचा रकाना आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही आहे. प्रवेशाच्या गर्दीत तो ‘मराठी’ असा सरसकट भरला जातो. पालकही तेच सांगतात, कारण शाळेला तेच हवे असेल असे त्यांना वाटते.

हा रकाना खरा भरायचा तर ‘मातृभाषा कोणती’ एवढे विचारून भागत नाही. आजी मुलाशी काय बोलते, भावंडे खेळताना काय बोलतात, बाजारात काय बोलावे लागते, हे तीन प्रश्न पालकांना विचारावेत. मग मुलाला एखादे गजबजलेले चित्र दाखवून त्याच्या भाषेत दोन मिनिटे बोलू द्यावे आणि नंतर मराठीत. शेवटी हातवारे न करता मराठीतून तीन सूचना द्याव्यात: पाटी उलटी ठेव, खिडकीजवळ जाऊन परत ये, मोठा दगड मला दे. हातवारे टाळणे महत्त्वाचे, कारण मुले सूचना न कळताही खुणेवरून बरोबर वागतात आणि ‘याला मराठी येते’ असा शेरा मिळतो. यातून मराठीच्या तीन पायऱ्या निघतात: कळते आणि बोलता येते, कळते पण बोलता येत नाही, दोन्ही नाही. मुलाची भाषा शिक्षकाला किती येते, हेही याच तीन पायऱ्यांवर त्याच कागदावर लिहावे. वीस मुलांचा वर्ग असेल तर दोन दिवसांचे काम आहे. सोबत अंगणवाडी सेविका हवी. ती त्याच गावची असते, मुलांना आधीपासून ओळखते आणि शिक्षकाला न येणारी भाषा बहुधा तिला येते. छत्तीसगडने पहिलीच्या मुलांचे असे सर्वेक्षण राज्यभर करून दाखवले आहे.

हे झाले की शाळांचे चार प्रकार समोर येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. सगळी मुले एका भाषेची आणि शिक्षकाला ती येते, इथे काम सर्वांत सोपे. साहित्य द्या, परवानगी द्या. मुले एका भाषेची पण शिक्षकाला ती येत नाही, तिथे माणूस हवा, नुसते पुस्तक पाठवून काही होणार नाही. तिसरा प्रकार मिश्र वर्गाचा, दोन-तीन भाषांची मुले एकत्र. आश्रमशाळांत हे जास्त दिसते, कारण वेगवेगळ्या पाड्यांची मुले एका वसतिगृहात येतात. इथे एका भाषेचे माध्यम करता येत नाही. तोंडी कामासाठी भाषावार गट करावेत, वर्गाचे सामाईक काम मराठीत ठेवावे आणि मोठ्या मुलांची मदत घ्यावी. चौथा प्रकार अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी अशा, पुस्तकी मराठीपासून कमी-अधिक दूर असलेल्या भाषा बोलणाऱ्या मुलांचा. त्यांना वेगळे पुस्तक लागत नाही. शिक्षकाने त्यांचे वाक्य ‘अशुद्ध’ म्हणून खोडू नये आणि पुस्तकातले वाक्य शेजारी ठेवावे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. धोरणात मात्र या चौघांना एकच परिपत्रक जाते.

कोरकू आणि गोंडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भिली, पावरी या मराठीच्याच विस्तृत कुळातल्या, म्हणून काही शब्द आणि रचना ओळखीच्या लागतात. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली आहे आणि गोंडी, माडिया, कोलामी द्राविडी. त्यामुळे कोरकूच्या मेळघाटला, माडियाच्या भामरागडला आणि पावरीच्या धडगावला घरच्या भाषेकडून मराठीकडे नेणारा एकच ‘सेतू अभ्यासक्रम’ एकाच कालावधीचा देणे चूक आहे. पावऱ्याच्या मुलाला जे सहा महिन्यांत साधेल त्याला कोरकूच्या मुलाला दोन वर्षे लागू शकतात, आणि तो दोष त्या मुलाचा नसतो.

पुस्तकांची अडचण बहुतेकांना वाटते तशी नाही. आदिवासी भाषांत शब्दसंग्रह, चित्रपुस्तके, पहिलीच्या पुस्तकांची रूपांतरे राज्यात वेळोवेळी झाली आहेत. ती वापरली का जात नाहीत, ते पाहायला हवे. पहिलीचे मराठी पुस्तक अक्षरांच्या क्रमावर उभे असते. आधी काही अक्षरे शिकवायची, मग तेवढ्याच अक्षरांत बसणारे शब्द आणि वाक्ये द्यायची. त्याचे ओळीला ओळ भाषांतर केले की अर्थ राहतो आणि क्रम मोडतो. तिसऱ्याच पानावर न शिकवलेली पाच अक्षरे आणि दोन जोडाक्षरे येतात, मुलाला वाचता येत नाही आणि शिक्षक ते पुस्तक कपाटात ठेवतो. योग्य क्रम उलटा आहे. मुलांच्या बोलण्यातले तीन-चारशे नेहमीचे शब्द जमवावेत, त्यांतली अक्षरे मोजावीत आणि त्या भाषेतही मराठीतही वारंवार येणारी अक्षरे आधी घ्यावीत. म्हणजे घरच्या भाषेत कमावलेले वाचन मराठीकडे जाताना फुकट जात नाही. मराठीत नसलेल्या ध्वनींसाठी कोणते चिन्ह वापरायचे हे एकदाच ठरवून शिक्षक हस्तपुस्तिकेत छापावे. नाहीतर शाळांच्या प्रत्येक केंद्रात वेगळे लेखन सुरू होते.

लिपीचा प्रश्न नाजूक आहे. गोंडीच्या मसराम आणि गुंजाळा या दोन लिपी युनिकोडमध्ये अनुक्रमे 2017 आणि 2018 साली आल्या आणि त्या शाळेत याव्यात ही समाजाची इच्छा रास्त आहे. तरी पहिली-दुसरीत देवनागरी आणि चौथीच्या सुमारास स्वतःची लिपी, हा क्रम मुलाला कमी ओझ्याचा वाटतो. सर्वांना तो पटणार नाही. पण निर्णय एकदा घेऊन किमान पाच वर्षे टिकवावा लागेल.

छपाईचे गणितही वेगळे. बालभारतीची व्यवस्था मोठ्या संख्येसाठी आहे. एखाद्या तालुक्यातल्या भाषेला काही शे किंवा हजार प्रती पुरतात. त्यासाठी जाडजूड पाठ्यपुस्तकाऐवजी 8 ते 12 पानांच्या दहा-पंधरा पुस्तिका जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने स्थानिक पातळीवर छापाव्यात. एका खोऱ्यात एक शब्द आणि पलीकडे दुसरा, असे असेल तर शिक्षकाच्या प्रतीत दोन्ही द्यावेत. प्रमाण शब्द कोणता यावर समितीच्या दोन बैठका घालवण्यात अर्थ नाही.

वर्गात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि लगेच मुलांच्या भाषेत सांगणे. दिसायला हे द्विभाषिक अध्यापन वाटते. आठ दिवसांत मुले हुशार होतात, मराठी वाक्य चालू असताना इकडेतिकडे बघतात आणि दुसऱ्याची वाट पाहतात. नवी संकल्पना पूर्णपणे घरच्या भाषेत आधी, आणि तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी मराठीत, असे वेगळे ठेवले तर दोन्ही भाषा ऐकल्या जातात. पहिलीत मराठी रोज 30-40 मिनिटे फक्त तोंडी असावी: गाणी, कृतीच्या सूचना, चित्रावर बोलणे. घरच्या भाषेत सोपे वाचता येऊ लागल्यावर मराठी वाचन, साधारण दुसरीत. तिसरीपासून शाब्दिक उदाहरण मराठीत वाचायचे आणि चर्चा घरच्या भाषेत करायची. पाचवीपर्यंत अवघड संकल्पनेसाठी रोज दहा-पंधरा मिनिटे तरी घरची भाषा राहावी. आपल्याकडे असे कार्यक्रम दुसरीच्या शेवटी थांबवले जातात आणि चौथीत मुले मागे दिसली की ‘प्रयोग फसला’ असा अहवाल लिहिला जातो.

चाचण्यांबद्दल एवढेच. पायाभूत चाचणीत गणिताचा शाब्दिक प्रश्न मराठीत छापलेला असतो. मुलाला बेरीज येते, प्रश्न कळत नाही, आणि निकालात नोंद होते ती ‘बेरीज येत नाही’ अशी. पहिली तीन वर्षे प्रश्न दोन्ही भाषांत वाचून दाखवायची लेखी परवानगी द्यावी.

खरी गाठ शिक्षकाच्या नेमणुकीत आहे. शासनाच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षकांची भरती गुणानुक्रमे होते. माध्यम पाहिले जाते, मुलांची भाषा पाहिली जात नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या भाषांच्या यादीत गोंडी, कोरकू, भिली नाहीत. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, पण पुढे मान्यता नाही म्हणून ती अनधिकृत ठरवली गेली. मान्यतेला पात्रताधारक शिक्षक लागतो आणि त्या भाषेत पात्रता मिळवण्याची सोयच नाही, या चक्रातून गाव कसे बाहेर पडणार? दुसरीकडे अवघड क्षेत्रात तीन वर्षे झाली की शिक्षक बदलीला पात्र होतो. ते न्याय्य आहे, पण नेमके तिसऱ्या वर्षी त्याला कोरकू बोलता यायला लागलेली असते. त्याला सक्तीने ठेवू नये. भाषेची परीक्षा द्यायची मुभा द्यावी, उत्तीर्ण होऊन राहणाऱ्याला वेतनवाढ द्यावी. आदिवासी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी एकस्तर वेतनश्रेणी 2002 पासून आहेच. ती तिथे असण्याबद्दल मिळते, भाषा येण्याबद्दल वेगळे काही नाही.

तोवर पहिली-दुसरीसाठी गावातला बारावी झालेला भाषा सहायक, रोज दोन-तीन तास. हे पद अर्थसंकल्पात हवे. प्रकल्पातून नेमलेल्या सहायकाचे मानधन प्रकल्पाबरोबर संपते, कधी सत्राच्या मध्येच. ओडिशाचे बहुभाषिक शिक्षण 2006-07च्या सुमारास सुरू होऊन 21 आदिवासी भाषांपर्यंत पोहोचले. त्या त्या भाषेचे शिक्षक नेमण्याची वाट काढली नसती तर ते इतके टिकले नसते. तिथेही सगळे आलबेल नाही, पण आपल्यापेक्षा ते पुष्कळ पुढे आहेत.

खात्यांचा प्रश्नही आहे. तीन ते आठ वर्षांच्या एकाच मुलाची अंगणवाडी महिला व बालविकासकडे, जिल्हा परिषद शाळा ग्रामविकास आणि शालेय शिक्षणाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे. भाषेचा आदेश एका खात्याचा निघतो आणि दुसऱ्याच्या शाळेत पोहोचत नाही. ऊसतोड कामगारांची मुले हंगामात कर्नाटकात गेली की राज्यच बदलते.

इंग्रजी माध्यमाच्या आणि इतर मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 मध्ये झाला, एक लाख रुपये दंडाच्या तरतुदीसह. पुढे करोनाचे कारण देऊन काही तुकड्यांना गुणांऐवजी श्रेणीची सवलत मिळाली. जो विषय एकूण गुणांत धरला जात नाही त्याला शाळा तासिका आणि शिक्षक दोन्ही उरलेले देतात, मग दंड कितीही लिहा. तिथेही पहिले पाऊल हेच: घरी मराठी बोलणारी मुले किती आणि न बोलणारी किती ते मोजा, कारण दोघांना एकाच पुस्तकातून मराठी शिकवता येत नाही.

शासनाकडे मागणी एवढीच. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे ते ठरवणे, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. शाळा जूनमध्ये उघडतात. जुलैअखेर पहिलीच्या मुलांची भाषिक नोंद वर सांगितल्याप्रमाणे घ्यावी, ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुखांनी दहातली एक शाळा स्वतः तपासावी आणि 30 सप्टेंबरच्या माहितीत मुलाची भाषा व शिक्षकाला ती किती येते, हे दोन रकाने जोडावेत. ज्या शाळांत तीन चतुर्थांश मुलांना मराठी कळत नाही आणि शिक्षकाला त्यांची भाषा येत नाही, त्यांची यादी जिल्हावार प्रसिद्ध करावी आणि डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प तयार होताना भाषा सहायकांची पदे त्या यादीवरूनच मागावीत. तिसऱ्या भाषेवरची चर्चा त्यानंतर हवी तेवढी करता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी